कच्चा पेपर

आमच्या क्लबात मला पट्टीवाल्या बाई म्हणतात. एकोणीस वर्षं झाली. आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मीच इकडेतिकडे बघेन. माझी खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात आहे, त्यामुळे तिचं छत एका बाजूला उतरत जातं आणि मलमपट्टीला आलेली उंच मुलगी तिथे हमखास कपाळ आपटून घेते. बर्फाचं यंत्र, चिकटपट्ट्यांची खोकी, मान न हलवता माणूस उचलायची लांब फळी, हृदयाला झटका देणारं यंत्र, दोन खाटा आणि मी. सामना चालू असला की डोक्यावर शेकडो पाय धडधडतात आणि औषधाच्या बाटल्या मांडणीवरून हळूहळू कडेला सरकतात.

भिंतीवर माझ्या अक्षरातला एक मोठा कागद आहे. कुणी पडलं आणि उठलं नाही तर कुणी काय करायचं, ते त्यावर लिहिलंय. फोन कोच सरांनी करायचा. मागचं फाटक माळ्याने उघडायचं, कारण पुढच्या फाटकातून रुग्णवाहिका वळत नाही. कॅन्टीनवाल्याने हातातलं टाकून कोपऱ्यावर पळायचं आणि गाडीला हात करायचा. मी मानेजवळ. बाकी सगळ्यांनी लांब राहायचं, हे सर्वांत ठळक लिहिलंय, कारण बाकी सगळे कधीच लांब राहत नाहीत. दर महिन्याला मी याची रंगीत तालीम घेते. माळी कुरकुरतो, कॅन्टीनवाला म्हणतो दूध उतू गेलं, कोच सर म्हणतात, "बाई, तुमचा सराव आमच्यापेक्षा जास्त होतो." म्हणू देत. या बाबतीत मी एक नंबरची खडूस आहे आणि मला त्याचा अभिमान होता. आता नाही.

आमच्याकडे मुली फुटबॉल खेळतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीच्या डोक्याची एक चाचणी होते. डोकं धड असताना ते किती चालतं, ते कागदावर घेऊन ठेवायचं. पाच शब्द सांगायचे, मध्ये दुसरंच काहीतरी विचारायचं आणि मग ते पाच शब्द परत म्हणून घ्यायचे. आकडे उलटे म्हणायला लावायचे. डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. पुढे सामन्यात कुणाच्या डोक्याला मार बसला की काही दिवसांनी हीच चाचणी परत घ्यायची आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे. आकडा घसरला असेल तर मुलगी घरी. जुळला आणि डोकं दुखत नसेल तर मैदानात.

पण आमच्या मुली काही कमी नाहीत. मोठ्या मुली नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी शिकवतात. बुटाची नाडी कशी बांधायची, पंचांशी कसं बोलायचं आणि पेपर कच्चा कसा ठेवायचा. पेपर कच्चा ठेवायचा म्हणजे या चाचणीत मुद्दाम चुकायचं. पाचातले दोनच शब्द सांगायचे, एका पायावर डुलायचं. म्हणजे उद्या खरंच डोक्याला लागलं तरी आकडा घसरत नाही, तो आधीच तळाला असतो. घरी बसायची वेळच येत नाही. याला त्या हुशारी समजतात.

मला हे पहिल्यापासून माहीत आहे. संशय आला की पेपर फाडायचा आणि मुलीला दुसऱ्या दिवशी परत बसवायचं, असा नियम आहे आणि तो मीच केलाय. एका मुलीला मी चार वेळा बसवलं होतं. ती रडली, तिचे वडील भांडायला आले, मी ढिम्म.

भिंगरीला मात्र मी परत बसवलं नाही.

भिंगरी माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी. एका जागी बसायची नाही म्हणून लहानपणीच हे नाव पडलं. ताई घरी शाळेचे गणवेश शिवते. भावोजी मालाचा ट्रक चालवतात, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतात. गणवेशाच्या दिवसांत ताईच्या खोलीत मुलांची रांग लागायची. ताई माप घेऊन आकडे नुसते मोठ्याने बोलायची आणि ही पोरगी कोपऱ्यात रिकाम्या रिळांशी खेळता खेळता ते लक्षात ठेवायची. तीस-तीस मुलांची छाती, खांदा, बाही, संध्याकाळी घडाघडा म्हणून दाखवायची. ताईने कित्येक वर्षं मापांची वही घेतलीच नाही. अशी ही मुलगी यंदाच्या हंगामाआधी माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"छत्री, बशी, शिडी, लोकर, पूल," मी म्हणाले. मग आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मग म्हटलं, "आता ते पाच शब्द."

"छत्री," ती म्हणाली आणि छताकडे बघत राहिली. "आणि… शिडी. बस."

दाराशी दोघी-तिघी तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

"भिंगरे, नीट आठव."

"आठवत नाही ना, मावशी." आणि तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. आपली मावशी आपल्याला पकडणार नाही, याची तिला खात्री होती.

मी का पकडलं नाही, याची उत्तरं मी स्वतःला बरीच दिलीत. एकतीस मुली झाल्या होत्या आणि मी दमले होते. दाराशी उभ्या असलेल्या मुलींसमोर भाचीचा पाणउतारा करायचं जिवावर आलं. पण खरं कारण ही दोन्ही नाहीत. यंदा निवड समिती येणार होती आणि भिंगरी मोठ्या संघात जावी असं मला तिच्याइतकंच वाटत होतं. एखाद्या किरकोळ धक्क्यापायी ती नेमकी त्या दिवशी घरी बसू नये, असं मला वाटलं. मी कागदावर दोन लिहिले आणि खाली सही केली.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी समोरच्या संघातल्या मुलीचा गुडघा भिंगरीच्या कानशिलावर बसला. मी तिला लगेच बाहेर काढलं, बर्फ लावला, ताईला निरोप पाठवला, तीन दिवस अंधाऱ्या खोलीत झोपवलं. सगळं अगदी नियमाने. दर पाच मिनिटांनी "मी ठीक आहे" म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे मी दरवर्षी नव्या मुलींच्या आईवडिलांना सांगते. पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली. यादी नवी होती. दोन शब्द. आकडे उलटे, तीनपर्यंत. एका पायावर डुलणं, तितकंच.

"डोकं दुखतं?"

"छे!"

"मुद्दाम चुकतेस की खरंच?" मी हळूच विचारलं.

"मावशी, अगं तेवढाच ठेवायचा ना आकडा," ती कुजबुजली. "जास्त आला तर तू अडकशील."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुळत होते. मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही. ती दोन मुद्दाम म्हणतेय की तिला दोनच आठवतायत, हे कळायला आता कुठलाही मार्ग नव्हता आणि तो मार्ग आम्ही दोघींनी मिळून बंद केला होता. हे मला त्याच क्षणी समजलं. समजलं आणि मी कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. क्लबाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात आणि माझ्या कागदाखाली सही करतात. माझ्यावर त्यांचा फार विश्वास.

रविवारी निवड समिती आली. विसाव्या मिनिटाला भिंगरीने उंच आलेला चेंडू डोक्याने मारला. काही वेगळं नाही, हजार वेळा मारला असेल तसा. दोन पावलं चालली आणि खाली बसली. मग आडवी झाली.

त्या दिवशी माझा भिंतीवरचा कागद अगदी घड्याळासारखा चालला. कोच सरांनी फोन केला. माळ्याने फाटक उघडलं. कॅन्टीनवाला कोपऱ्यावर पळाला. मी तिची मान धरून बसले आणि पहिल्यांदाच बाकी सगळे लांब राहिले. नवव्या मिनिटाला गाडी मैदानात. इस्पितळातले लोकसुद्धा म्हणाले की इतकी शिस्त त्यांनी कुठल्या मैदानावर पाहिली नव्हती. पुढच्याच बैठकीत क्लबाने मला सन्मानपत्र दिलं. मी ते घरी नेलं आणि कपाटात पालथं ठेवलं.

भिंगरी नऊ दिवस इस्पितळात होती. चालत घरी आली म्हणून ताईने देवापुढे डोकं टेकलं. पण घरी आली ती वेगळीच होती. उजेड सहन व्हायचा नाही. शिलाई मशीन सुरू झालं की कानांवर हात घ्यायची. दुकानात पाठवली तर रिकामी परत यायची, नाहीतर यायचीच नाही. ताई वैतागून शोधायला जायची आणि ही दुकानासमोर पिशवी धरून उभी. इस्पितळात काढलेल्या मेंदूच्या फोटोंमध्ये सगळं स्वच्छ दिसत होतं. जे बिघडलं होतं ते फोटोत येत नाही म्हणे.

महिन्याभराने आम्ही तिला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अशा मुलांना परत शिकवायचं एक केंद्र त्या इस्पितळात आहे, रोज दोन तास, वर्षभर. जागा आठ. जागा कुणाला द्यायची ते आधीचा आणि आताचा आकडा बघून ठरतं. फरक जितका मोठा, तितका नंबर वर. आधीचा आकडा म्हणजे माझा कागद.

डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले. भिंगरीने मुठी आवळल्या. कपाळाला घाम आला. खूप वेळाने दोन शब्द बाहेर पडले. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मावशी, आज मी मुद्दाम नाही केलं. खरंच येत नाहीये."

ताईने मला विचारलं, "मुद्दाम म्हणजे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि दोन वाक्यं बोलायची, बस. पण दोन वाक्यांपलीकडे माझी नोकरी होती, डॉक्टरांची सही होती आणि समोर ताई बसली होती, जिने मला आईच्या मागे वाढवलं.

"बडबडते ती," मी म्हणाले. "लक्ष देऊ नकोस."

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. आपण काहीतरी चुकीचं बोललो असं तिला वाटलं असणार, कारण तिने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. अगदी मी ठेवले होते तसेच. "आकड्यात फरक नाही," त्या ताईला म्हणाल्या. "पहिल्यापासून मुलीची स्मरणशक्ती बेताचीच दिसतेय. आता थोडी आळसावली असेल, थोडी घाबरली असेल. जास्त लाड करू नका. कामाला लावा, येईल ताळ्यावर." जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

"बेताची?" ताई जिन्यात म्हणाली. "माझ्या मुलीची?"

"मोठ्या डॉक्टर आहेत त्या," मी म्हणाले. "त्यांना जास्त कळतं."

त्यानंतर मी ताईकडे जाणं कमी केलं. कामाचं निमित्त काढायची. गेलेच तर दारातून परत फिरायची. ताईचा आवाज चढलेला असायचा. "पुन्हा विसरलीस? काही नाही होत तुला, ढोंगं आहेत सगळी. डॉक्टर म्हणाल्यात मला." आणि भिंगरीचा आवाज यायचाच नाही. मी रस्त्यावर येऊन श्वास घ्यायची. माणूस इतका भेकड असू शकतो हे मला माझ्यावरूनच कळलं.

असे दोन-अडीच महिने गेले. मग धाकट्या संघात नव्या मुली आल्या आणि त्यांच्या चाचणीचा दिवस आला. पहिलीच मुलगी, चौदा वर्षांची, कपाळावर नुकताच माझ्या छताचा टोला खाल्लेला. मी पाच शब्द सांगितले. तिने दोन परत दिले आणि छताकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू. दाराशी मोठ्या मुली तोंड दाबून उभ्या.

मी पेपर फाडला. मग एकेकीचा दंड धरून त्या मोठ्या मुलींना आत ओढलं आणि काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी मी ओरडत होते, "भिंगरी कुठे आहे ते माहितीये का? जाऊन बघून या! जा!" त्या रडायला लागल्या. कोच सर धावत आले. मी पिशवी उचलली आणि सरळ इस्पितळात गेले.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. कागद मागून लिहूनही दिलं. पहिला आकडा खोटा होता, मला ते त्याच वेळी माहीत होतं, दुसऱ्या वेळी मी जाणूनबुजून डोळेझाक केली. खाली सही.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत.

"सोमवारी एक जागा रिकामी होतेय," त्या म्हणाल्या. "ती तुमच्या भाचीची. पण बाई, तुम्हाला खोटी आशा मी देणार नाही. पहिले तीन-चार महिने सगळ्यात कामाचे असतात. मेंदू त्या दिवसांत जेवढं परत शिकतो, तेवढं नंतर शिकत नाही. ते दिवस गेले."

मी मान हलवली.

"आणि तिच्या आईला हे तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

ताईच्या घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. खोलीभर निळ्या कापडाचे गठ्ठे पडले होते. ताई मशीनवर कॉलर शिवत होती. तिच्या शेजारी मापांची वही उघडी होती. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला, म्हणजे भिंगरी आत होती.

"आज बरी वाट चुकलीस," ताई मान वर न करता म्हणाली.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. कच्चा पेपर म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, कारण ताईला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. छत्री आणि शिडी. दाराशी हसणाऱ्या मुली. जुळलेले दोन कागद. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भिंगरी काय म्हणाली आणि त्यावर मी काय म्हणाले. सोमवारची जागा. आणि गेलेले दिवस.

मशीन कधी थांबलं ते मला कळलं नाही. ताईचे हात कापडावर तसेच होते.

"म्हणजे ती ढोंग करत नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"तिला खरंच आठवत नव्हतं."

"नाही आठवत, ताई."

ताईने हळूहळू कॉलर सुईखालून काढली, दोरा तोडला, घडी घातली. ती मला बोल लावेल, हाकलून देईल, निदान एक थोबाडीत देईल म्हणून मी वाट बघत होते. त्याने मला बरंच वाटलं असतं.

"मी मारलंय तिला," ती म्हणाली. आवाज इतका साधा होता की मला आधी अर्थच लागला नाही. "डॉक्टरांनी सांगितलं काही झालं नाही, तू म्हणालीस बडबडते. मला वाटलं, कामचुकारपणा करतेय. पहिल्यांदा दूध आणायला विसरली तेव्हा मारलं. मग रोजच. परवा पट्टीने मारलं, कापड मोजायच्या. ती म्हणत होती, आई, मला खरंच येत नाही गं. आणि मी म्हणत होते, खोटारडी आहेस." ती थांबली. "डोक्यावर नाही मारलं कधी. तेवढं भान होतं मला."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिने तो झटकला नाही, पण तिचा खांदा लाकडासारखा होता. मी हात काढून घेतला.

आमचे आवाज ऐकून पडदा सरला. भिंगरी दारात आली. केस विस्कटलेले, डोळे उजेडाने बारीक झालेले. तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, काय चाललंय त्याचा अंदाज घ्यायचा प्रयत्न केला.

"काही आणायचं राहिलं का?" तिने विचारलं.

ताई उठली. कापडाचा गठ्ठा पायाने बाजूला सारत ती लेकीपाशी गेली आणि तिला जवळ घ्यायला तिने हात पुढे केला.

भिंगरीने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात पाठीवर नेले. जिथे मार बसायचा, तिथे.

ताईचा हात तसाच राहिला. किती वेळ कोण जाणे. मग तिने तो खाली घेतला, तिथेच गठ्ठ्यावर बसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सोमवारी किती वाजता न्यायचंय?"

"नऊ वाजता," मी म्हणाले.